संघाचा ताळेबंद

खासबागेच्या मैदानात ज्याची नजर तयार झाली आहे अशा कोल्हापूरच्या जाणत्या वस्तादास मल्लाच्या बलाबलाचा निर्णय करण्यासाठी कागद लागत नाही. कोणाचा पट काढण्यात हात बसला आहे, कोणाचा दम लवकर तुटतो, कोण ढाक उत्तम मारतो परंतु खाली गेल्यावर गोंधळतो, हे सारे एकाच देहात साठवलेले असते आणि तो देह डोळ्यांसमोर तांबड्या मातीत उभा असतो. म्हणून पाहणाराची दृष्टी अनुभवी असली की गुण आणि दोष दोन्ही तिला आपोआप गवसतात. सांघिक खेळाचा मामला मुळातच निराळा आहे. बास्केटबॉलच्या पाच, कबड्डीच्या सात किंवा फुटबॉलच्या अकरा खेळाडूंमध्ये संघाचे सामर्थ्य विखुरलेले असते. इतकेच नव्हे, तर त्याचा पुष्कळसा अंश कोणा एकाच्या अंगी नसून दोघांतिघांच्या परस्परसंबंधात असतो, आणि जे एका ठिकाणी नाहीच ते एका दृष्टिक्षेपात दिसावे, अशी अपेक्षा कितीही मुरलेल्या प्रेक्षकाकडून करणे न्याय्य नाही. शिवाय मनुष्याच्या स्मरणात ठळक प्रसंग राहतात आणि बारीकसारीक झीज निसटून जाते. अखेरच्या क्षणी हुकलेली बास्केट सर्वांना आठवते. पहिल्या सत्रात सहा वेळा हातातून निसटलेला चेंडू कोणालाही आठवत नाही, आणि सामना बहुधा त्या सहा चेंडूंनीच घालवलेला असतो.

केवळ गुणांची बेरीज पाहून संघाची परीक्षा करू जाणे किती फसवे ठरते, याचा दाखला कोल्हापूर जिल्ह्यानेच पुरविला आहे. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई हा दणकट चढाईपटू २०१८ साली प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या हंगामात यू मुंबा संघाकडून प्रथमच उतरला, आणि त्या एका हंगामात चढाईचे २१८ गुण मिळवून सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. त्याच्या संघाने गटात दुसरा क्रमांक पटकावून बाद फेरी गाठली. पुढील वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले, आणि सिद्धार्थने त्या मोलाला साजेसे चढाईचे २१७ गुण मिळवून दिले. दोन हंगामांत अंतर केवळ एका गुणाचे! तथापि तेलुगू टायटन्स बारा संघांच्या त्या स्पर्धेत अकराव्या स्थानी राहिला. आणि ज्या यू मुंबाने आपला सर्वांत मोठा चढाईपटू गमावला होता, तो संघ मात्र चौथा येऊन उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. त्या संघाची पकड दोन्ही वर्षे फझल अत्राचली या इराणी कर्णधाराच्या हाती होती, आणि २०१९ च्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यालाच मिळाला.

यावरून सिद्धार्थच्या थोरवीस लवमात्र बाध येत नाही. दोन निरनिराळ्या संघांत, निरनिराळ्या सहकाऱ्यांबरोबर, दोनशेंच्या वर गुण सातत्याने मिळवणे हे असामान्य कर्तृत्व आहे आणि जिल्ह्याने त्याचा अभिमान धरावा हे योग्यच आहे. परंतु संघाच्या बलाबलाचा प्रश्न त्या आकड्याने सुटत नाही. तो सोडवायचा तर किती गुण झाले याबरोबरच ते किती संधींमधून झाले, गुण मिळवताना किती गमावले, आणि प्रतिपक्षाने आपल्याविरुद्ध त्याच हिशेबाने काय कमावले, या तिन्ही बाबी एकत्र मांडाव्या लागतात. अशी मांडणी सर्वांत पद्धतशीरपणे प्रथम झाली ती बास्केटबॉलमध्ये, म्हणून त्या खेळाकडे थोडे विस्ताराने पाहणे इष्ट होईल.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला आणि वाय.एम.सी.ए.च्या द्वारे तो हिंदुस्थानात येऊन शाळाकॉलेजांच्या आवारांत रुजला. त्याचा एक विशेष संख्याशास्त्रास फार सोयीचा आहे. एका संघाने चेंडू बास्केटमध्ये टाकला किंवा गमावला, की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. म्हणजे चेंडूचा ताबा आळीपाळीने मिळत राहतो आणि सामना संपेपर्यंत दोन्ही संघांच्या वाट्याला आलेल्या ताब्यांची संख्या जवळजवळ सारखी भरते. मग ज्याने एकेका ताब्याचे चीज अधिक केले तो जिंकतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी १९५० च्या दशकातच एका ताब्यामागे किती गुण मिळाले, याचा हिशेब ठेवण्यास आरंभ केला होता. त्याआधीचा रिवाज असा, की ज्या संघाचे सामन्यागणिक गुण अधिक त्याचे आक्रमण चांगले आणि ज्याच्याविरुद्ध गुण कमी त्याचा बचाव चांगला. परंतु संथ खेळणाऱ्या संघाच्या सामन्यात दोघांचेही गुण कमी होतात, आणि धावपळीने खेळणाऱ्याच्या सामन्यात दोघांचेही वाढतात. तेव्हा जुन्या रिवाजात खेळाचा वेग आणि खेळाची प्रत यांची सरमिसळ होत असे. एका संघाने ७० ताब्यांत ६२ गुण केले आणि दुसऱ्याने ८० ताब्यांत तितकेच, तर फलकावर दोघे समान दिसतील; शंभर ताब्यांच्या प्रमाणात मांडले की पहिल्याचे ८८ हून अधिक आणि दुसऱ्याचे ७७ हून थोडे अधिक भरतात, आणि दोघांतील अंतर उघड होते.

ताबे मोजण्यासाठी प्रत्येक क्षणी वही उघडून बसावे लागत नाही. सामन्याच्या साध्या नोंदींवरूनही त्यांचा अजमास काढता येतो. समजा, एखाद्या शालेय संघाने खेळ चालू असताना बास्केटवर ६० फेक केल्या, स्वतःच्या हुकलेल्या १० फेकींचे चेंडू पुन्हा आपणच पकडले, १८ वेळा फेक न करताच चेंडू गमावला, आणि २५ फ्री थ्रो घेतले. साठांतून दहा वजा करावे, कारण तो चेंडू प्रतिपक्षाकडे गेलाच नाही; त्यात अठरा मिळवावे; आणि फ्री थ्रोची संख्या ०.४४ ने गुणून तेही मिळवावे, कारण फ्री थ्रो बहुधा जोडीने येतात, काही बास्केटला जोडून मिळतात, आणि शंभर फ्री थ्रोंमागे सुमारे ४४ ताबे संपतात असे दीर्घ अनुभवाने ठरले आहे. येथे बेरीज ७९ येते. याच संघाने दोन गुणांच्या ४० फेकींपैकी २० आणि तीन गुणांच्या २० फेकींपैकी ६ साधल्या, शिवाय २५ पैकी १५ फ्री थ्रो टाकले, तर त्याचे गुण ७३ होतात, म्हणजे शंभर ताब्यांमागे सुमारे ९२.

एवढ्याने निदान होत नाही. रोग आहे इतके कळते, कोणत्या अवयवात आहे ते कळत नाही. त्यासाठी डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात चार कसोट्या सांगितल्या, आणि त्या आज जगभर रूढ आहेत. पहिली नेमबाजीची: तीन गुणांची फेक दोन गुणांच्या फेकीच्या दीडपट मोलाची धरून, एकूण फेकींपैकी किती साधल्या. वरील संघाच्या एकूण २६ फेकी लागल्या, त्यांपैकी तीन गुणांच्या ६ असल्याने त्यांच्याबद्दल ३ जादा धरावयाच्या, म्हणजे साठांपैकी २९, अर्थात ४८ टक्क्यांच्या किंचित वर. दुसऱ्या एखाद्या संघाने तितक्याच फेकींत २७ साधल्या असतील, पण त्यांत तीन गुणांच्या दोनच असतील, तर त्याचे प्रमाण ४७ टक्क्यांच्याही खाली राहते. अधिक वेळा नेम साधूनही त्याचे गुण कमी भरतात, आणि हे नुसत्या डोळ्यांना कधी जाणवत नाही. दुसरी कसोटी चेंडू गमावण्याची, तिसरी आपल्या हुकलेल्या फेकींचे रिबाउंड मिळवण्याची, आणि चौथी प्रतिपक्षास नियमभंग करण्यास भाग पाडून फ्री थ्रो पदरात पाडून घेण्याची. ऑलिव्हर यांच्या अजमासाने या चौघींचे महत्त्व अनुक्रमे ४०, २५, २० आणि १५ टक्के. आपल्या काल्पनिक संघाने ७९ पैकी १८ ताबे, म्हणजे जवळजवळ २३ टक्के, फेक न करताच घालवले. तेव्हा नेमबाजीवर घाम गाळण्यापूर्वी पास देण्याघेण्याचा आणि दबावाखाली चेंडू जपण्याचा सराव त्यास अधिक लाभदायक ठरेल. एकच सल्ला, परंतु तो आता प्रशिक्षकाच्या लहरीवर उभा नाही, मोजमापावर उभा आहे.

आता हाच विचार कबड्डीच्या मैदानावर आणून पाहावा, आणि तो किती नेमका बसतो याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. बास्केटबॉलमध्ये जो ताबा तीच कबड्डीतील चढाई: ती आळीपाळीने होते, तीस सेकंदांत संपते, आणि चाळीस मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारणतः चाळीसच्या आसपास चढाया येतात. मात्र कबड्डीच्या जमाखर्चात एक कलम असे आहे की ज्यास बास्केटबॉलमध्ये तोड नाही. चढाईपटू पकडला गेला, तर प्रतिपक्षास गुण मिळतो, त्याचा बाद झालेला एक गडी परत आत येतो, आणि आपला चढाईपटू मात्र आपण कोणाला तरी बाद करीपर्यंत बाहेर बसून राहतो. एका चुकीची किंमत अशी तीन ठिकाणी चुकवावी लागते. समजा, एका चढाईपटूने २५ चढायांत १० गुण मिळवले आणि तो ८ वेळा पकडला गेला. दुसऱ्याने १२ चढायांत ७ गुण मिळवले आणि तो एकदाच सापडला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्याचे नाव येईल. परंतु पहिल्याच्या खात्यावर निव्वळ शिल्लक दोन, दुसऱ्याच्या खात्यावर सहा. शिवाय पहिला आठ वेळा बाहेर बसला असताना त्याच्या जागी कोणाला चढाईस पाठवावे लागले आणि त्या चढायांचे काय झाले, हा खर्च निराळाच. ज्या संघाचा मुख्य चढाईपटू बाहेर असताना उरलेले गडी केवळ मध्यरेषेजवळ घुटमळून परत येतात, त्या संघाचे दौर्बल्य त्या बाहेरच्या मिनिटांत असते, आणि मुख्य चढाईपटूच्या गुणसंख्येत त्याचा मागमूसही लागत नाही.

नोंद करताना समोर किती बचावपटू उभे होते हे लिहिणे मला सर्वांत आवश्यक वाटते, आणि नेमके तेच सहसा लिहिले जात नाही. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस गुण मिळू शकतो, तेव्हा भरल्या मैदानावर बोनस रेषा ओलांडून येणारा खेळाडू गुण जमवत राहतो, जरी त्याच्या स्पर्शाने कोणी बाद होत नसले आणि बोनसच्या गुणाने आपला बाहेरचा गडी आत येत नसला तरी. उलट समोर तीनच गडी उरले असता त्यांनी पकड केली तर त्यांना अव्वल पकडीचा जादा गुण मिळतो. म्हणून लोण देण्याच्या उंबरठ्यावर आलेला संघ पुष्कळदा तेथेच गुण गमावून बसतो. सात जणांपुढे यशस्वी ठरणारा चढाईपटू तीन जणांपुढे वारंवार सापडत असेल, तर त्याचे सरासरी यश चांगले दिसूनही लोणाच्या वेळी दुसऱ्यास पाठवणे शहाणपणाचे. तीच गोष्ट तिसऱ्या चढाईची: लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यावर तिसरीत गुण मिळवणे भागच असते, नाहीतर गडी बाद, आणि ही सक्तीची चढाई कोण कसा निभावतो याचे खाते स्वतंत्र ठेवल्याविना कोणत्याही चढाईपटूचे खरे मोल कळत नाही. बचावाकडेही हाच न्याय लावावा. डाव्या कोपऱ्याने किती पकडी केल्या एवढे लिहून भागत नाही. किती वेळा तो पुढे झेपावला आणि फसला, आणि त्याची झेप मध्यातील साखळीच्या साहाय्याने झाली की एकट्याने, हेही लिहावे. एकट्याच्या झेपा वारंवार फसत असतील तर दोष कोपऱ्याचा नसून त्याला उशिरा साथ देणाऱ्या शेजाऱ्याचा असू शकतो.

आकड्यांचे हे सामर्थ्य सांगताना त्यांच्या मर्यादेबद्दल मौन धरणे अप्रामाणिक ठरेल. कोल्हापूरला क्रीडाजगतातील एक भव्य आकडा परिचित आहे: येथेच १९१९ साली जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून केलेल्या नाबाद ४४३ धावा. ब्रॅडमन यांचा ४५२ चा तत्कालीन विश्वविक्रम नऊ धावांवर असताना काठियावाडने सामना सोडून दिला आणि तो विक्रम अबाधित राहिला, ही हळहळ कोल्हापूरकर अद्याप विसरलेले नाहीत. अशी संख्या गौरवाची असते, आणि तिने गौरवाचेच काम करावे. संघाची परीक्षा करणारी संख्या निराळ्या जातीची असते. ती कोणत्या जातीची असावी, याचा सखोल विचार ज्यांनी केला त्यांत पुन्हा एक कोल्हापूरकर आहेत, तेही १९१९ मध्येच जन्मलेले. प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजमध्ये हॅरल्ड जेफ्रीस यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा १९५३ पासून दोन दशकांहून अधिक काळ वाहिली, १९६० चे ॲडम्स पारितोषिक मिळवले, आणि १९७४ साली ते पद्मभूषण झाले. त्यांच्या अभ्यासाचा एक आवडता विषय असा, की निरीक्षणांच्या ढिगाचा सारांश कसा काढला असता त्यातील उपयुक्त माहितीचा कणही वाया जात नाही. विषय गणिती असला तरी त्याचे मर्म फ्री थ्रोच्या उदाहरणाने सहज समजते. एखाद्या मुलीने २० फ्री थ्रो टाकले आणि १४ साधले. तिच्या अंगच्या कौशल्याचा अंदाज करण्यासाठी कोणता फ्री थ्रो लागला आणि कोणता हुकला, ही सारी यादी जपण्याचे कारण नाही, वीसपैकी चौदा एवढे दोन आकडे पुरेसे आहेत. मात्र हे तेव्हाच खरे, जेव्हा प्रत्येक फेक सारख्याच परिस्थितीत आणि आधीच्या फेकीपासून स्वतंत्रपणे झाली असेल. ती मुलगी अखेरच्या दहा मिनिटांत थकत असेल आणि तिच्या सहाही हुकलेल्या फेकी त्याच वेळच्या असतील, तर क्रम टाकून दिल्याने नेमकी उपयोगाची माहितीच नाहीशी होते. कोणता सारांश पुरेसा आहे हे खेळाच्या ज्ञानावाचून ठरत नाही; म्हणून आकडेमोड करणाऱ्याने प्रशिक्षकास आणि प्रशिक्षकाने आकडेमोड करणाऱ्यास कमी लेखणे दोघांसही घातक आहे.

दुसरी मर्यादा नमुन्याच्या आकाराची. दहापैकी सहा फ्री थ्रो साधणारा खेळाडू शंभरात साठ साधेलच असे नाही. त्याचे खरे कौशल्य चाळिसाच्या जवळपास असू शकेल किंवा पंचाहत्तरच्याही वर. प्रयत्न दहापट वाढवले तरी ही अनिश्चितता दहापटीने नव्हे, सुमारे तिपटीनेच घटते, हा संख्याशास्त्राचा अटळ नियम आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन रॉकेट्स या संघाने तीन गुणांच्या फेकीचा हिशेब इतका प्रमाण मानला, की २०१७-१८ च्या हंगामात दोन गुणांच्या फेकींपेक्षा तीन गुणांच्या फेकी अधिक करणारा तो पहिलाच संघ ठरला, आणि ८२ पैकी ६५ सामने जिंकून सर्वांच्या पुढे राहिला. परंतु २८ मे २०१८ रोजी गोल्डन स्टेट संघाविरुद्धच्या मालिकेतील सातव्या आणि निर्णायक सामन्यात त्याच्या तीन गुणांच्या ४४ फेकींपैकी केवळ ७ साधल्या, आणि त्यांतील २७ फेकी तर लागोपाठ हुकल्या. पुष्कळांनी त्या रात्री संख्याशास्त्राचाच पराभव झाला असा निर्वाळा दिला. मला तो निर्वाळा पटत नाही. शंभर सामन्यांत हितकारक ठरणारा मार्ग एका सामन्यात दगा देऊ शकतो, हे तर त्याच शास्त्राने आधीच सांगून ठेवले आहे. मात्र एकाच प्रकारच्या फेकीवर भिस्त ठेवणाऱ्या संघास वाईट दिवशी दुसरा आधार राहत नाही, हे त्या संघाचे खरेखुरे दौर्बल्य होते, आणि विजयांच्या लांब यादीत ते झाकले गेले होते.

कोल्हापुरात यांतले काय करता येईल, असा प्रश्न कोणी विचारील. छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा यांसारख्या संघांचे फुटबॉलचे सामने पेठापेठांतून आलेल्या प्रेक्षकांनी गजबजतात, आणि सामन्यानंतर तालमीच्या कट्ट्यावर जी चर्चा रंगते तिच्यात खेळाचे प्रेम आणि जाण दोन्ही ओतप्रोत भरलेली असतात. फुटबॉलमध्ये गोल विरळा, तेव्हा गोलांपेक्षा गोलाच्या संधी मोजणे अधिक बोधप्रद. एक-शून्य हरलेल्या संघाने गोलक्षेत्राच्या आतून आठ वेळा फटका मारला असेल आणि जिंकलेल्याने दोनदाच, तर पुढच्या सामन्याची तयारी कोणत्या संघाने कशी करावी हे निकालावरून नव्हे, त्या आठावरून आणि दोनावरून ठरावे. इतक्या प्रेमाला वहीची जोड मिळाली तर येथील खेळाची प्रत वाढल्यावाचून राहणार नाही, असे मला मनापासून वाटते. त्यास यंत्रसामग्री लागत नाही. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, कॉलेजांतून तो विषय शिकणारी मुले-मुली आहेत, आणि परीक्षेतील काल्पनिक उदाहरणांऐवजी गावातल्या मैदानावरची खरी उदाहरणे सोडवण्यास ती उत्सुक नसतील असे मला वाटत नाही.

वही कशी आखावी एवढेच सांगावयाचे राहिले. कबड्डीसाठी प्रत्येक चढाईला एक ओळ: चढाईपटू कोण, समोर गडी किती, चढाई पहिली, दुसरी की तिसरी, निकाल काय, आणि पकड झाली असल्यास ती आधी कोणी घातली व साथ कोणी दिली. बास्केटबॉलसाठी प्रत्येक ताब्याला एक ओळ: शेवट फेकीने झाला, फ्री थ्रोने झाला की चेंडू गमावून, फेक कोठून झाली, आणि हुकल्यास रिबाउंड कोणाच्या हाती गेला. एका सामन्यावरून काही ठरवू नये. आठदहा सामन्यांच्या ओळी जमल्या की बेरजा कराव्यात, आणि त्या हंगाम चालू असतानाच खेळाडूंसमोर ठेवाव्यात. लिहिणाराने राखीव खेळाडूंच्या बाकावर बसू नये, कारण तेथे बसले की मन आपल्या बाजूने झुकते. मध्यरेषेच्या समोर बसावे. आणि प्रतिपक्षाच्या चढायांची किंवा ताब्यांची नोंद स्वतंत्र वहीत व्हावी, कारण आपला बचाव त्या वहीतच दिसतो. एकाच मुलाला दोन्ही बाजू लिहावयास सांगितल्या तर गर्दीच्या क्षणी हटकून दुसरी बाजू सुटते, म्हणून त्याच्या शेजारी दुसरी वही घेऊन दुसरा मुलगा बसवावा.